तासाभराचा कूलर, तीन दिवसांची धुलाई

पानिपतात राहतो म्हटलं की सोलापूरच्या नातेवाइकांना एकच विनोद सुचतो. चौदा वर्षं मी तो ऐकतोय. त्यामुळे ऐन संक्रांतीला, १४ जानेवारीला, काला अंबच्या फाटकासमोर माझी गाडी बंद पडली हे मी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. शेवटी मेहुण्याचा तिळगुळाचा फोन आला आणि बायकोनं सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग खो खो हसू. "काय ओ दाजी, तुमचं पण झालं की पानिपत!"

काला अंब म्हणजे काळा आंबा. पानिपत शहराबाहेर उग्राखेडीच्या बाजूला ही जागा आहे. १७६१ च्या लढाईत इथं आंब्याचं एक झाड होतं, आणि इतकं रक्त सांडलं की ते काळं पडलं, अशी इथली कथा. झाड कधीच वठून गेलं. आता तिथं विटांचा स्तंभ आहे, भोवती बाग. एरवी सहलीची पोरं आणि उन्हाला पाठ देऊन बसलेले म्हातारे, एवढीच वर्दळ. संक्रांतीला मात्र महाराष्ट्रातून माणसं येतात, भगवे झेंडे येतात, आणि आम्ही इथली चार-पाच मराठी घरं पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला धावतो. यंदा मी तिघांना घेऊन आलो होतो. धुकं असं की पुढच्या ट्रॅक्टरचा लाल दिवाही दिसेना. खिशातून हात काढवत नव्हता, आणि अशा गारठ्यात गाडीच्या काट्यांमध्ये तापमानाचा लाल दिवा पेटला.

उन्हाळ्यात इंजिन तापलं तर समजू शकतो. पाच-सहा डिग्रीत तापतं म्हणजे कुठंतरी वाट तुंबलेली.

बॉनेट उघडलं, पण टोपणाला हात लावला नाही. गरम इंजिनच्या कूलंटच्या टाकीचं टोपण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, टोपण सैल झालं की वाफ थेट तोंडावर येते. पाहुण्यांना स्तंभाकडे पाठवलं आणि पाऊण तास गाडीशेजारी उभा राहिलो. मग टोपण फिरवलं. टाकीत गुलाबी कूलंट असायला हवं होतं. तिथं होती तपकिरी साय. दुधाच्या चहावर दाट साय धरावी तशी, पण बोटात घेतली तर बुळबुळीत आणि वास जळक्या तेलाचा. कूलंटमध्ये इंजिन ऑइल शिरलं होतं.

गाडी परत चालू करायची नाही, एवढं मला कळत होतं. मी गाड्यांचा मेकॅनिक नव्हे. इथल्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे, गॅस्केट आणि बेअरिंग यांच्याशी रोजचा संबंध. आमच्या गल्लीतल्या ताऊंना फोन केला. ते रोड समाजाचे. पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आम्ही वंशज, असं त्या समाजातले बरेच जण मानतात. इतिहासाचे अभ्यासक त्यावर वाद घालतात, ताऊ घालत नाहीत. पुतण्याला ट्रॅक्टर घेऊन पाठवलं आणि स्वतःही मागच्या मडगार्डवर बसून आले. "रे मराठे, के होग्या?" मी टाकी दाखवली. त्यांनी दोर बांधला. काला अंबवरून एका मराठ्याची गाडी हरियाणवी ट्रॅक्टरनं ओढून नेलेली पाहुण्यांनी पाहिली, फोटोही काढले.

आता हे तेल पाण्यात शिरतं कसं, ते सांगतो. इंजिनच्या अंगात दोन नद्या वाहतात. एक तेलाची. क्रँकशाफ्टचे बेअरिंग, वरचे कॅमशाफ्ट, टर्बो, सगळ्यांना ती वंगण पुरवते आणि त्यांची उष्णता उचलते. दुसरी कूलंटची. ती सिलिंडरच्या भिंतींभोवती फिरून रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते. या दोघींनी एकमेकींना भेटायचं नसतं. पण एके ठिकाणी त्यांना पातळ भिंतीच्या दोन बाजूंनी शेजारून वाहायला लावलेलं असतं, आणि ते ठिकाण म्हणजे ऑइल कूलर. माझ्या गाडीत तो तेलाच्या फिल्टरच्या हाउसिंगला चिकटलेला आहे. आकार तळहाताएवढा. अॅल्युमिनियमच्या पातळ थाळ्या एकावर एक रचून झाळलेल्या. एका थाळीच्या पोकळीत तेल, तिच्यावरच्या पोकळीत कूलंट, परत तेल, परत कूलंट. हायवेवर तेल जास्त तापलं की कूलंट त्याची उष्णता घेतं. थंडीत सकाळी उलटं होतं. कूलंट आधी गरम होतं आणि काकवीसारखं घट्ट झालेलं तेल लवकर पातळ करतं. म्हणजे नाव कूलर, पण जानेवारीत काम बंबाचं.

या भिंतीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तरी काय होतं, ते दाबावर ठरतं. तेलाचा पंप गाडी धावताना तीन-चार बार दाब देतो. कूलंटच्या टाकीचं टोपण साधारण दीड बारच्या आत वाफ सोडून देतं. तुलनेसाठी, कारच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे इंजिन चालू असताना जोर तेलाचा. ते कूलंटमध्ये घुसतं, पाण्याबरोबर घुसळलं जातं आणि त्याची साय होते. ही साय रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते, म्हणून गारठ्यातही इंजिन तापतं. इंजिन बंद केलं की बाजू पालटते. तेलाचा दाब लगेच शून्य होतो, गरम कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो. तेव्हा पाणी तेलात उतरू शकतं, आणि खरी भीती त्याची. पाणी मिसळलेल्या तेलावर बेअरिंग फार दिवस काढत नाहीत. लढाईआधी भाऊसाहेबांची मराठी फौज अडीच महिने इथं अडकून पडली, अब्दालीनं यमुना ओलांडून दिल्लीचा रस्ता तोडला, आणि लढाईच्या दिवसापर्यंत माणसं-जनावरं उपाशी होती. इंजिनचंही असंच असतं. तोफ लागून मरणारं इंजिन विरळा, बहुतेक जातात ती रसद बिघडून.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजातला मुलगा घरी येऊन पाहून गेला. अर्धा मिनिट. टोपण उघडलं, साय पाहिली, टोपण लावलं. "हेड खुलेगा." म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधली गॅस्केट गेली, पूर्ण हेड उतरवायचं. चाळीस-पन्नास हजार. जाता जाता म्हणाला, डिझेल गाडी आहे, दीड-पावणेदोन वर्षं उरलीत, इतके पैसे घालण्यापेक्षा भंगारात द्या.

त्याच्या या शेवटच्या बोलण्यात तथ्य होतं. पानिपत जिल्हा दिल्लीपासून नव्वद किलोमीटर लांब असला तरी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये मोडतो. हरित लवादानं २०१५ मध्ये इथल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम केली. पेट्रोलला पंधरा वर्षं. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात गेला आणि तेव्हापासून नियम थोडा हलता आहे, पण गल्लीतल्या हिशोबात डिझेल गाडीचं आयुष्य दहाच वर्षं. माझी सप्टेंबर २०१७ ची. सोलापुरात जिला कुणी जुनी म्हणणार नाही, ती इथं म्हातारी. मात्र परवानगीचं ना-हरकत पत्र घेऊन ती दुसऱ्या राज्यात नेता येते, आणि महाराष्ट्रात खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. गाडी २०२७ मध्ये सोलापूरला भावाकडे धाडायची, हे आमच्या घरात आधीच ठरलंय. लढाईनंतर दक्षिणेत परत पोचलेल्यांत निदान ही तरी असावी.

शिवाय इंजिन चांगलं आहे. हे १.३ लिटरचं डिझेल मूळ फियाटचं, मल्टीजेट. २००३ साली पोलंडमध्ये बनायला लागलं. नंतर भारतात इतक्या कंपन्यांनी ते आपापल्या गाड्यांत बसवलं की लोक गमतीनं त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. पुण्याजवळ रांजणगावला, गणपतीच्या शेजारीच म्हणा ना, ते बनत असे. माझं मानेसरचं. २०२० मध्ये बीएस-सहा हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि ते भारतात बंद झालं.

तर हेड की कूलर? साय दोन्हींत दिसते, म्हणून नुसती टाकी पाहून निकाल देता येत नाही. मी आधी तेलाची डिपस्टिक काढली. तेल काळं, स्वच्छ, ताकासारखं पांढुरकं अजिबात नाही. मग थंड इंजिन जेमतेम मिनिटभर चालू केलं आणि रेडिएटरचा वरचा होज मुठीत धरला. हेडची गॅस्केट सिलिंडरच्या बाजूनं गेली असेल तर जळत्या वायूचा दाब थेट कूलंटमध्ये येतो, आणि इंजिन थंड असतानाच होज दगडासारखा कडक होतो. माझा मऊ होता. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हा पुरावा नव्हे, नुसता संशय, कारण हेडमधून फक्त तेलाचीच गळती होऊ शकते. पण कूलर काढायला तास लागतो आणि हेड काढायला दोन दिवस. आमच्या गिरणीत नवीन पोराला पहिल्यांदा हेच शिकवतात: आधी स्वस्त जागा तपास.

रविवारी अंगणात गाडी घेतली. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावल्या, पुढचं अंग जॅकनं उचललं आणि लोखंडी घोड्यांवर टेकवलं. विटांवर नाही. वीट दाबाखाली न सांगता फुटते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नये. मग इंजिनच्या तळाच्या सम्पचा बोल्ट सोडून तेल एका परातीत, आणि खालचा होज काढून कूलंट दुसऱ्या परातीत. ताऊंचा कुत्रा लगेच वास घेत आला. त्याला हाकललं आणि परात पत्र्यानं झाकली. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना मारतं. लहान मुलांचंही तेच भय.

पुढचं काम चिकाटीचं, अवघड नाही. हवेचा पाइप काढला, फिल्टरचं टोपण सोडलं, कूलरचे दोन होज. होज आठ वर्षं चिकटलेले. ते ओढायचे नसतात, ओढले तर प्लास्टिकची नळीच तुटून हातात येते. पकडीनं हलकेच डावी-उजवीकडे पिळले की सुटतात. बोल्ट लहान, पण अॅल्युमिनियममध्ये बसलेले. सगळे एक-एक चक्कर सैल करत गेलो. कूलर हातात आला तेव्हा बाहेरून अगदी ठणठणीत. ना तडा, ना डाग. बायको बघायला आली. "अहो, हा तर नवाच दिसतोय." मीही मनात चरकलो.

गिरणीत आदल्या दिवशी एक चपटी पट्टी करून घेतली होती, तिला रबरी शीट, एका भोकात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. ती कूलरच्या तेलाच्या तोंडांवर आवळली. पाण्याच्या नळ्या मोकळ्या ठेवल्या. बादलीत कढत पाणी घेतलं, कारण धातू गरम झाला की बारीक भेग उघडते, गार पाण्यात ती कधी कधी तोंड मिटून बसते. कूलर बुडवला. मुलीनं सायकलचा पंप मारायला सुरुवात केली. दहा फटके, काही नाही. वीस, काही नाही. मी म्हटलं, थांब, आतली हवा निघू दे. पंधरा-वीस सेकंदांनी पाण्याच्या नळीच्या तोंडाशी साबुदाण्याएवढा एक बुडबुडा जमला, क्षणभर अडकला आणि सुटला. मग दुसरा. मग त्यांची माळच लागली.

"बाबा, पंक्चर!"

पंक्चरच. तेलाच्या खोलीतली हवा पाण्याच्या नळीतून येत होती, म्हणजे मधली भिंत फुटलेली. हेड निर्दोष सुटलं. आतल्या अंगाला नळीत बोट घातलं तर पांढरा, खडूसारखा थर लागला. तेव्हा कळलं की गुन्हेगार मीच. दोन वर्षं टाकी जरा खाली गेली की मी घरच्या बोअरचं पाणी ओतत होतो. इथलं पाणी इतकं जड की तव्यावर थेंब सुकला तरी पांढरा डाग उरतो. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यात धातू गंजू नये म्हणून घातलेली द्रव्यं असतात. साधं पाणी ओतून ती पातळ होतात, पाण्यातले क्षार अॅल्युमिनियमला आतून कुरतडतात, आणि सगळ्यात पातळ भिंत आधी जाते. दोनशे रुपयांचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वाचवून मी हा खर्च विकत घेतला होता.

सोमवारी सुट्टी टाकली, कूलर वर्तमानपत्रात गुंडाळला आणि हरियाणा रोडवेजनं काश्मिरी गेट गाठलं. दिल्लीचा आंतरराज्य बसअड्डा आणि गाड्यांच्या पार्ट्सचा जुना बाजार दोन्ही तिथंच, त्यामुळे बसमधून उतरलं की दुकानंच. एकानं तीन खोके मांडले. कंपनीचा, कंपनीला माल पुरवणाऱ्याचा आणि तिसरा, ज्याला इथं सरळ 'लोकल' म्हणतात. तिसरा पहिल्याच्या चौथ्या हिश्शात. तिन्ही हातात घेतले. लोकल हलका, आणि थाळ्यांच्या कडेची झाळ कुठे जाड, कुठे दिसतच नाही. जुना कूलर काढून भोकं जुळवली, पार्ट नंबर जुळवला आणि मधला घेतला. सोबत सगळे नवे ओ-रिंग आणि गॅस्केट. यात काटकसर करायची नाही. जुना ओ-रिंग आठ वर्षांत चपटा होतो. गोल असतो तेव्हाच तो दाबला जाऊन फट भरतो.

बसवताना तासही लागला नाही. जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडले. लोखंडी पातं लावलं तर अॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तोच पुढे गळतो. ओ-रिंगला नव्या तेलाचं बोट लावलं, म्हणजे तो जागेवर पिळला जात नाही. बोल्ट आधी हातानं, मग समोरासमोरचे जोडीनं, आणि शेवटी टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमध्ये असलेल्या आकड्याला. असे लहान बोल्ट न्यूटन-मीटरच्या एक आकडी किंवा दहाच्या आसपासच्या मापात बसतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. जास्त आवळलं की आटे मरतात, आणि मग हाउसिंग बदला. नवा फिल्टर, नवं तेल, तीन लिटरच्या जरा वर.

इथं काम संपलं असं वाटलं तर फसलात. मी फसलो.

कूलर बदलला तरी आत गेलेलं तेल आतच असतं. रेडिएटरमध्ये, हीटरच्या जाळीत, ब्लॉकच्या कोनाकोपऱ्यात. तसंच नवं कूलंट भरलं तर दोन दिवसांत परत साय. आणि तेल लागलेला होज आतून फुगतो, कारण कूलंटच्या पाइपांचं रबर पाणी सोसतं, तेल सोसत नाही. माझा खालचा होज दाबला तर शिळ्या भाकरीसारखा भुसभुशीत लागला. होज बदलले, थर्मोस्टॅटही बदलायचा ठरला. तो सध्या काढून ठेवला, म्हणजे धुताना पाणी थेट सगळीकडे फिरेल. मग घरातलं भांडी घासायचं लिक्विड दोन झाकण ओतलं, पाणी भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन चालू केलं.

पाच मिनिटांत टाकीतून फेस. आधी थोडा, मग बादलीभर, मग बॉनेटखालून जमिनीवर. ताऊ खाटेवरून उठून आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कार की शादी सै के आज?"

उत्तर माझ्याच गिरणीत होतं, हे मला मंगळवारी कळलं. आमचा धंदाच तेल लावायचा आणि तेल धुवायचा. पानिपतात युरोप-अमेरिकेतून टाकलेले जुने कपडे गठ्ठ्यांनी येतात. बायका बटणं-चेन कापतात, रंगावारी ढीग लावतात, यंत्रं त्यांच्या चिंध्या करून परत तंतू काढतात आणि त्या शॉडी सुताचं घोंगडं होतं. पूर, भूकंप झाला की वाटली जाणारी बरीच घोंगडी इथलीच. विंचरताना तंतू तुटू नये म्हणून त्यावर तेलाचा फवारा मारतात, आणि घोंगडं विणून झालं की ते तेल धुऊन काढतात. आमच्या डाइंग मास्टरना मी फेसाची गोष्ट सांगितली. ते हसले. त्यांचं म्हणणं असं, की फेस म्हणजे धुलाई नव्हे. तेल पाण्यात विरघळत नाही, त्याला धरून पाण्यात लोंबकळत ठेवणारं द्रव्य हवं, आणि बंद पाइपात फिरवायचं तर ते फेस न करणारं हवं. गरम पाण्यात ते दुप्पट काम करतं. मी विचारलं, सोडा टाकू का, लवकर निघेल. त्यांनी हात जोडले. घोंगडं लोकरीचं असतं, तुझा रेडिएटर अॅल्युमिनियमचा. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा त्याला खाऊन टाकेल. साधं, न अॅसिड न अल्कली असं स्कावरिंगचं, म्हणजे तेल धुवायचं, लिक्विड त्यांनी बाटलीत भरून दिलं. घरी हे नसेल तर भांडी धुण्याच्या मशीनची पावडर लोक वापरतात. ती फेस करत नाही, पण तीव्र असते, म्हणून थोडी घ्यायची आणि नंतर पाणी भरपूर फिरवायचं.

मग सुरू झाली खरी धुलाई. भरा, गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, पाणी काढून टाका. थंड व्हायलाच तास-दीड तास. पहिलं पाणी कोकोसारखं, तिसरं कोऱ्या चहासारखं, सहावं ताकाच्या निवळीसारखं. टाकी वेगळी काढून तिच्यात तांदूळ आणि गरम पाणी घालून हलवली, थर्मासच्या बाटलीला आई करायची तसं. तीन संध्याकाळी मिळून अकरा वेळा. बायकोनं दुसऱ्या दिवशी विचारणं सोडलं. ते पाणी गटारात ओतलं नाही. वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून परवानगी काढून गिरणीच्या सांडपाणी प्रक्रियेला नेलं, आणि जुनं इंजिन ऑइल गिरणीच्या जळक्या तेलाच्या पिंपात, जे नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याकडे जातं. ते कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. कुंपणाला किंवा वाळवी लागलेल्या खांबाला फासायची जुनी सवय सोडायला हवी.

शेवटच्या दोन फेऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या. मग नवा थर्मोस्टॅट, आणि कूलंट अर्धं, डिस्टिल्ड पाणी अर्धं. यात एकच गोम, हवा. कुठंतरी बुडबुडा अडकला की तिथला धातू कोरडा तापतो. टोपण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, हीटर गरमवर, आणि होज हातानं हळूहळू दाबत राहिलो. टाकीत गुडगुड होऊन पातळी खाली जाते, भरायचं, परत दाबायचं. हीटरमधून सलग गरम हवा यायला लागली तेव्हा टोपण लावलं आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत तिथंच थांबलो. सुरुवातीला तेलाचा दिवा विझेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, हे सांगायचं राहिलं. नवा कूलर आणि नवा फिल्टर रिकामे असतात, ते भरेपर्यंत टर्बो कोरडा फिरतो.

सगळं मिळून चौदा हजारांच्या आत. त्यात पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलायचं तेलही धरलंय. आत चुकून कूलंट उतरलं असेल तर ते पहिल्या तेलाबरोबर निघून जावं म्हणून. वेळेची मजुरी धरली तर मी तोट्यात आहे, हे मुलीनं गणित मांडून दाखवलं. ज्याच्याकडे सपाट अंगण नाही, टॉर्क रेंच नाही आणि गाडीवाचून तीन दिवस चालत नाही, त्यानं हे घरी करू नये असं माझं मत. पण गॅरेजवाल्याला, हेड उतरवण्याआधी कूलर काढून बादलीत बुडवून दाखवा, एवढं म्हणायला कुठलंच हत्यार लागत नाही.

पहिली फेरी मारायला परवा काला अंबलाच गेलो. धुकं नव्हतं, बागेत दोन पोरं पतंगाचा मांजा सोडवत होती. गाडी त्याच जागी लावली आणि थंड व्हायची वाट बघत स्तंभाच्या पायरीवर बसलो. पाऊण तासानं टोपण उघडलं, गिरणीतून आणलेली पांढरी चिंधी, कुठल्यातरी परदेशी शर्टाची कॉलर होती ती, टाकीत बुडवली. गुलाबी आली. उजेडात धरली तर एका कोपऱ्यात मोहरीएवढा तेलाचा डाग. पुढच्या रविवारी अजून एकदा धुवावी लागणार.